हौस आणि हिशेब



आज एका शब्दापासून सुरुवात करतो. शब्द आहे 'हौस'. लग्नकार्यात आपण हौस करतो, लेकरांची हौस पुरवतो, हौसेला मोल नाही असं म्हणतो. हा शब्द मुळात अरबी, 'हवस'. फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडं आला. उर्दूत 'हवस' म्हटलं की माणूस जरा दचकतो, कारण तिथं त्याला वासनेचा, हावरेपणाचा वास आहे. मराठीत येताना मात्र त्यानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, पाय धुतले आणि तो घरातलाच होऊन बसला. या 'हौस'पासून आपण 'हौशी' केला. हौशी नट, हौशी गायक, हौशी खेळाडू. इंग्रजीतल्या 'ॲमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधलं 'प्रेम करणं' हेच क्रियापद आहे. म्हणजे पैशासाठी नव्हे, जीव लागला म्हणून करणारा. पण व्यवहारात आपण 'हौशी'ला 'कच्चा', 'वेळ जात नाही म्हणून करणारा' असा एक अर्थ चिकटवून टाकला. आज ज्या मुलाबद्दल बोलायचं आहे, तो या दुसऱ्या अर्थात बसत नाही.

हा मुलगा माझा भाचा. वय वीस. कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतात. मुलगा शर्यतीची सायकल चालवतो. सायकल जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. त्याच्या खोलीत एक छापील चित्र लावलेलं आहे. २०१९ मध्ये जर्मनीत झालेल्या जागतिक कनिष्ठ ट्रॅक स्पर्धेत भारताच्या मुलांनी सांघिक स्प्रिंटचं सुवर्णपदक मिळवलं होतं, त्या संघाचं. त्यातला एसो अल्बन अंदमानचा. "बेटावरचा पोरगा जगात पहिला येतो मामू," असं तो मला एकदा म्हणाला. पुढचं वाक्य त्यानं बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.

त्याची उद्दिष्टं दोनच. पहिलं, आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी आपल्या विद्यापीठाच्या संघात निवड. दुसरं, चाळीस किलोमीटर अंतर एका तासाच्या आत कापणं. या प्रकाराला टाइम ट्रायल म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवत असेल, बोरघाट पहिला चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. ती झुंडीची शर्यत. झुंडीत पुढच्याच्या पाठीमागं राहिलं की वारा तो खातो आणि मागच्याचे बरेच श्रम वाचतात. टाइम ट्रायलमध्ये तशी सोय नाही. स्पर्धक ठराविक अंतरानं एकेक सुटतात, कुणी कुणाच्या आडोशाला राहायचं नाही. तुम्ही, वारा आणि घड्याळ.

कोल्हापूर हे तालमींचं गाव. राजर्षी शाहूंनी इथं कुस्तीला खासबागेसारखं मैदान दिलं. तालमीत वस्ताद असतो. कुणी किती जोर मारायचे, किती बैठका काढायच्या, कुणाला आज विश्रांती द्यायची, हे तो नुसतं पोराच्या तोंडाकडं बघून सांगतो. माझ्या भाच्याला वस्ताद नाही. सायकलचा प्रशिक्षक ठेवण्याइतकी घरची ऐपत नाही. मग त्यानं ठरवलं, की वस्तादाचे डोळे आपणच तयार करायचे.

आधी त्याची मेहनत सांगतो. सोमवारी सुट्टी. मंगळवारी चार-चार मिनिटांचे पाच जोरदार टप्पे, मध्ये थोडी उसंत. गुरुवारी वीस-वीस मिनिटांचे दोन, दम लागेल पण तुटणार नाही अशा बेतानं. रविवारी लांब पल्ला, बहुतेक वेळा गगनबावडा, जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर. बाकीचे दिवस निवांत, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. तरुण पोरांना हे सावकाश जाणंच सगळ्यात अवघड जातं. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर नावाचे शरीरशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी दीर्घ पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंच्या वह्या तपासल्या, तेव्हा आढळलं की त्यांच्या सरावातला सुमारे ऐंशी टक्के भाग हा असा सोपाच असतो. उरलेल्या वीस टक्क्यांत मात्र दयामाया नाही. आपली पोरं याच्या उलट करतात. रोजच अर्धवट दमतात आणि शर्यतीच्या दिवशी पाय जड होतात.

आता प्रश्न असा, की जोर किती लावला हे कळायचं कसं? वेगावरून कळत नाही. वारा पाठीमागून असला की आळशी माणूसही पस्तीसनं पळतो. नाडीच्या ठोक्यांवरून थोडं कळतं, पण झोप कमी झाली, ऊन वाढलं, चहा जास्त झाला, की ठोके बदलतात. खरं मोजमाप म्हणजे ताकद, वॅटमध्ये. आपल्या शेतकरी श्रोत्यांना हॉर्सपॉवर चांगलाच परिचयाचा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ३७३० वॅट. माझा भाचा तासभर टिकवू शकतो ती ताकद २२० वॅट. म्हणजे ती एक मोटर चालवायला असली सतरा पोरं पेडल मारत बसवावी लागतील. माणसाचं बळ किती थोडकं आहे, आणि त्यात दहा-वीस वॅटची भर घालायला वर्ष का जातं, हे या हिशेबातून कळतं.

ही ताकद मोजणारं यंत्र सायकलला बसवता येतं. उलरिक शोबेरर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९८६ च्या सुमारास ते पहिल्यांदा नीट बनवलं. आजही ते विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं नाही. म्हणून भाच्यानं आधी यंत्राशिवायची वाट शोधली. पन्हाळ्याच्या चढावर त्यानं एक मोरी आणि एक वळण नक्की केलं. दोहोंच्या उंचीतला फरक दीडशे मीटर. स्वतःचं, सायकलचं आणि कपड्या-पाण्याचं मिळून वजन बहात्तर किलो. बहात्तर किलो दीडशे मीटर वर न्यायला किती काम पडतं हे अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं गणित. त्याला लागलेल्या सेकंदांनी भागायचं. त्याला साडेआठ मिनिटं लागली, उत्तर आलं २०८ वॅट. वारा आणि टायरचं घर्षण यांचे तीस-चाळीस मिळवले, की २४५ च्या आसपास. एक वजनकाटा, एक घड्याळ आणि एक डोंगर. कुणीही करून पाहावं असा हा प्रयोग आहे.

पण डोंगर सपाटीवर नेता येत नाही. म्हणून मग यंत्र घरीच करायचं ठरलं. कल्पना सोपी आहे. पेडल ज्या दांड्याला लावलेलं असतं तो दांडा जोर लावला की केसाच्या अंशाइतका वाकतो. त्यावर एक पातळ धातूची पट्टी चिकटवायची. दांडा वाकला की पट्टी ताणली जाते, तिचा विद्युत रोध बदलतो. हा बदल अतिशय सूक्ष्म, म्हणून तो वाढवून दाखवणारं एक सर्किट लावायचं. बोटभर आकाराच्या मायक्रोकंट्रोलरनं त्यावरून जोर काढायचा, पाय मिनिटाला किती फेरे घेतो त्यानं गुणायचं, आणि आकडा मोबाइलवर पाठवायचा. आपल्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटातही याच पट्ट्या असतात. म्हणजे सायकलच्या दांड्याचा तराजू करायचा, एवढंच.

'एवढंच' म्हणायला सोपं. पहिलं यंत्र पहिल्याच पावसात गेलं. दुसऱ्यातली तार फिरून फिरून तुटली. तिसऱ्यात पट्टीखालचा गोंद सुटला. माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्याशेजारी सोल्डरिंगची कांडी दिसायला लागली. मेहुण्यांचं म्हणणं एकच होतं, "आधी नोकरी लागू दे, मग फिरव काय चाकं फिरवायची ती." पण चौथ्या वेळी यंत्रावर बसवायचं झाकण त्यांनीच जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढून आणलं. घरी आणून दिलं आणि काही न बोलता हात धुवायला गेले.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डिसेंबरातल्या एका थंड पहाटे त्यानं वीस मिनिटांची चाचणी दिली. या चाचणीत वीस मिनिटं एकसारखा जेवढा लागेल तेवढा जोर लावायचा, सरासरी काढायची आणि त्यातून पाच टक्के वजा करायचे. जे उरतं ती तासभर टिकणारी ताकद मानतात. यंत्रानं सरासरी दाखवली २९० वॅट. पोरगा हरखला. सायकलवाल्या मित्रांना त्यानं लगेच कळवलं. माझ्या बहिणीला वॅट म्हणजे काय ते माहीत नाही, तिनं त्याच्या चेहऱ्याकडं बघून शेवयांची खीर केली.

रात्री त्यानं सायकल अंगणात त्याच थंडीत उभी केली आणि पेडल मोकळं ठेवून आकडा बघितला. काहीच न टांगता काटा जवळजवळ दोन किलो दाखवत होता. वीस किलोचं माप टांगलं तर बावीस. उबदार खोलीत शून्य लावलेला काटा गारठ्यात सरकला होता. एका पायाचा जोर मोजून तो दुप्पट करायचा असं ते यंत्र, त्यामुळं दोन किलोंच्या फरकानं साठेक वॅट फुकटचे जमा झाले होते. पोरानं वहीतला २९० चा आकडा खोडला आणि शेजारी लिहिलं, 'खोटं'. सकाळी उठून ज्या ज्या मित्राला कळवलं होतं, त्या प्रत्येकाला पुन्हा कळवलं.

मी म्हटलं, "अरे, कुणाला कळणार होतं?"

तो म्हणाला, "मामू, चढ आला की कळतंयच की."

मग त्यानं दांड्याच्या दोन्ही अंगांना पट्ट्या लावल्या, म्हणजे गारठ्याचा परिणाम एकमेकांत फिटून जावा. आणि एक नेम घालून घेतला. निघण्याआधी सायकल दहा मिनिटं बाहेर ठेवायची आणि मग शून्य लावायचं. चांगला दुकानदार माल घालण्याआधी रिकामी पारडी सारखी आहेत का बघतो, तसं. पुढच्या चाचणीत सरासरी आली २३२. पाच टक्के वजा जाता २२०. हा आकडा खरा होता.

श्रोतेहो, मी मात्रावृत्तात लिहिणारा माणूस. मात्रा मोजल्यानं कविता होत नाही हे मला कुणी सांगायला नको. पण जिथं मात्रा कमी पडते तिथं ओळ लंगडते, आणि कवीला ती स्वतःच्या आवाजात वाचताना ऐकू येत नाही, कारण प्रेमानं तो ती ओढून भरून काढतो. हौशी माणसाला सगळ्यात मोठा धोका असतो तो या प्रेमाचा. त्याला पगार नाही, साहेब नाही, त्यामुळं चूक दाखवणारंही कुणी नाही. हिशेब हा त्याचा एकच सोबती. 'हिशेब' हा शब्दही अरबीतूनच आला, तोही आपल्या घरात राहिला. हौस आणि हिशेब एका घरात नांदले तरच हौसेचं काही बनतं.

आता वाऱ्याविषयी. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगात सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट केला तर हवेसाठी लागणारी ताकद दुप्पट नव्हे, आठपट लागते. भाच्याच्या गणितानं, साध्या बैठकीत चाळीसच्या वेगाला त्याला २६० वॅट लागत होते. ते त्याच्या पायात नव्हते. पण कोपर आत घेऊन, पाठ आडवी करून, शरीर लहान केलं तर २२० त भागण्यासारखं होतं. म्हणजे पायांनी दोन वर्षांत जे मिळवायचं, ते बसण्याच्या पद्धतीत पडलेलं होतं. त्यासाठी कोपर टेकायचे दांडे लागतात. त्यांच्या पकडी मेहुण्यांनी ॲल्युमिनियमच्या घडवल्या, आणि प्रत्येक पकड स्वतः अंगाचा भार टाकून तपासली. "ही सुटली तर तोंडावर पडशील," एवढंच म्हणाले.

या कामात त्याचा आदर्श आहे ग्रॅमी ओब्री नावाचा स्कॉटलंडचा माणूस. त्याचं सायकलचं दुकान बुडालं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं एक सायकल बनवली, तिच्यात धुलाई यंत्राची बेअरिंग बसवली, आणि हात छातीखाली दुमडून बसायची नवीच पद्धत काढली. १६ जुलै १९९३ ला नॉर्वेतल्या हामार इथं त्यानं एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम मोडायचा प्रयत्न केला, तो फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा उतरला आणि ५१.५९६ किलोमीटर गेला. विक्रम आठवडाभरच टिकला, ख्रिस बोर्डमननं तो मोडला. पुढच्या वर्षी ओब्रीनं तो परत घेतला. नंतर नियम बदलून त्याची बैठकच बाद करण्यात आली, तर त्यानं दुसरी काढली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये डॅन बिगम या इंग्रज इंजिनिअरनं स्वित्झर्लंडमध्ये ५५.५४८ किलोमीटरचा विक्रम केला. तो एका संघात दुसऱ्यांच्या सायकली आणि बैठकी सुधारायचं काम करायचा. त्याच संघाच्या फिलिपो गाना या इटालियन खेळाडूनं दोन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये, ५६.७९२ किलोमीटर जाऊन तो विक्रम मोडला, आणि त्या तयारीत बिगमचा हात होता. आपला विक्रम मोडायला मदत करणारा माणूस. खेळातली ही श्रीमंती मला फार मोठी वाटते.

ओब्रीबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्यानं स्वतःच्या आत्मचरित्रात आपल्या मनाच्या आजाराबद्दल उघडपणं लिहिलं आहे. विक्रम झाला म्हणून आतलं दुखणं थांबलं नाही. भाच्याच्या वहीत वॅट आहेत, ठोके आहेत, झोपेचे तास आहेत. मी त्याला एवढंच सांगितलं, की एक रकाना मोकळा ठेव, आणि त्यात आज जीव रमला की नाही ते लिही. तो लिहितो. कधी 'होय', कधी 'नाही'. रमजानमध्ये सराव निम्म्यावर येतो, इफ्तारच्या आधी तासभर हलके हलके फिरून तो घरी येतो. त्या महिन्यात वॅट कमी असतात, पण त्या रकान्यात 'होय' जास्त दिसतात.

घरच्यांचा जीव टांगणीला असतो तो वेगळ्या कारणानं. तो पहाटे पाचला निघतो. रस्ता अंधारा, ऊस वाहणारे ट्रॅक्टर, मागून भरधाव गाड्या. त्यानं ब्रेक लावला की जास्त उजळणारा मागचा लाल दिवा तयार केला. आपण कुठं आहोत हे आईच्या मोबाइलवर दिसेल अशीही सोय केली. बहीण तो मोबाइल बघत नाही. ती दारात बसून तांदूळ निवडते आणि गल्लीच्या तोंडाशी मोकळ्या चाकाची टिकटिक ऐकू आली, की उठून चहा टाकते.

गेल्या हिवाळ्यात निवड चाचणी झाली. मी गेलो होतो. सरळ रस्ता, वीस किलोमीटर जायचं, वळायचं, वीस यायचं. चाळीस किलोमीटरला त्याला लागला एक तास आणि अठ्ठेचाळीस सेकंद. तो सहावा आला. संघात चौघांना घ्यायचं होतं.

संध्याकाळी त्यानं वही उघडली. पहिली दहा किलोमीटर त्यानं २४० वॅटनं मारली होती. यंत्र समोर खरा आकडा दाखवत होतं, पण पुढं सुटलेला मुलगा दिसत होता आणि पोराला थांबवलं नाही. परत येताना वारा समोरून आला तेव्हा पायात काही उरलं नव्हतं. शेवटची सरासरी २१४. "यंत्र बरोबर होतं," तो म्हणाला, "मी ऐकलं न्हाई." त्यात रडगाणं नव्हतं. मेहुणे बाजूलाच बसले होते. त्यांनी वही हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "म्हणजे सुरुवातीला दमानं गेला असतास, तर जमलं असतं?" बापानं सायकलबद्दल पोराला विचारलेला तो माझ्या माहितीतला पहिला प्रश्न. दोघं मग रात्री अकरापर्यंत कागदावर रेघा ओढत बसले.

यंदा तो शेवटच्या वर्षाला जाईल. नोकरीच्या मुलाखती असतील, प्रोजेक्ट असेल, आणि संघात जायची ही शेवटची संधी. जमेल की नाही, मी सांगू शकत नाही. अठ्ठेचाळीस सेकंद म्हणजे दर किलोमीटरला सव्वा सेकंदाहूनही कमी. ऐकायला काहीच नाही, मिळवायला एक हिवाळा जातो.

जाता जाता एक विनंती. आपल्या जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर अशी बरीच मुलंमुली पहाटे निघतात. त्यांच्या अंगावर कुणाची जाहिरात नसते, मागं संघाची गाडी नसते. तुम्ही कामावर निघालात आणि पुढं एक लाल दिवा लुकलुकताना दिसला, तर गाडीचा प्रखर दिवा खाली करा, दीड-दोन मीटर अंतर सोडा आणि मग पुढं जा. तुमची फार तर दहा सेकंदं जातील. कुठल्या तरी दारात त्याची आई तांदूळ निवडत बसलेली असते.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)